दुसऱ्याच्या आराखड्यावरून

चंदीगडच्या सेक्टर ३२ मधील माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर एक लहानसे विमान ठेवलेले आहे. मिग-२१ या लढाऊ विमानाची ती एक-दशांश आकाराची प्रतिकृती. घरी येणारा पाहुणा प्रथम तिच्या टोकदार नाकाचे व त्रिकोणी पंखांचे कौतुक करतो, मग ती हातात घेऊन उलटी करतो, आणि पोटाखालचे चौकोनी भोक पाहून हटकून विचारतो, "हे असे का फोडले?" या प्रश्नाचे उत्तर मी आजवर अनेकांना थोडक्यात दिले. आज ते सविस्तर सांगावे असे योजिले आहे. कारण त्या भोकामागे माझी एक फजिती आहे, आणि त्या फजितीशी आपल्या देशातील विमानविद्येच्या सात-आठ दशकांच्या इतिहासाचे बरेच साम्य आहे.

चंदीगड आणि मिग-२१ यांचा ऋणानुबंध जुना. हे विमान सोव्हिएत संघाकडून घेण्याचे भारताने १९६२ साली ठरविले आणि १९६३ साली त्याचे पहिले स्क्वाड्रन, क्रमांक २८, चंदीगडलाच उभे राहिले. विंग कमांडर दिलबागसिंग त्याचे प्रमुख होते. पुढे १९८१ साली ते हवाई दलाचे प्रमुख झाले. ध्वनीहून अधिक वेगाने जाणारे विमान भारताच्या हवाई दलात आले ते हे पहिलेच. बासष्ट वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, याच चंदीगडच्या धावपट्टीवर त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला, आणि त्या वेळचे हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः ते उडविले. एखाद्या विमानाचा गृहप्रवेश आणि पाठवणी दोन्ही एकाच अंगणात व्हावीत, हा योग विरळाच.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला त्या विमानाची प्रतिकृती करावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. शिवाय हे गाव स्वतःच आराखड्यातून उतरलेले आहे. अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. १९५० साली नोविकी विमान अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम आले. आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असे सेक्टर त्यांनी आखले. आमचा सेक्टर दुसऱ्या टप्प्यातला. इथे रस्ता चुकलेला मनुष्य वाटसरूला न विचारता क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करून घरी पोहोचतो. अशा ठिकाणी काही वर्षे काढली की कागदावरील रेघेविषयी मनात एक प्रकारची श्रद्धा उत्पन्न होते.

प्रतिकृती उडविण्याचा नाद हा पोरखेळ समजला जातो. परंतु इतिहास पाहिला तर माणसाच्या उड्डाणाच्या आधी प्रतिकृतीचे उड्डाण झालेले आहे. १८७१ च्या ऑगस्टमध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे एक चिमुकले विमान सोडले. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेले, आणि मागच्या आडव्या शेपटीमुळे विमान हवेत आपोआप स्थिर राहू शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले एक उडते खेळणे पुढे अमेरिकेत एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे ऑर्व्हिल आणि विल्बर राइट. १८९६ च्या मे महिन्यात सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान पोटोमॅक नदीवरून सुमारे एक किलोमीटर उडाले. राइट बंधूंच्या यशाला तेव्हा सात वर्षे अवकाश होता.

हातचे विमान दुरून चालविण्याची विद्या मात्र हवेत न जन्मता पाण्यात जन्मली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींच्या हुकमावर चालणारी एक होडी लोकांना दाखविली. तिच्या पोटात माकड बसविले असावे, अशी शंका त्या वेळी काही प्रेक्षकांनी घेतली म्हणतात. पुढे १९३५ साली इंग्रजांनी 'क्वीन बी' म्हणजे राणी माशी या नावाचे, तोफखान्याला नेमबाजीचा सराव देण्यासाठी बिनतारी यंत्रणेने उडविण्याचे विमान केले. आज सर्वांच्या तोंडी असलेला 'ड्रोन' हा शब्द, म्हणजे नर मधमाशी, त्या राणी माशीवरूनच रूढ झाला असे मानले जाते. आणि १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचे आपले विमान रेडिओच्या साहाय्याने उडवून छंदिष्टांसाठी हा मार्ग मोकळा केला. खेळणे आणि शस्त्र ही या विद्येची दोन भावंडे एकाच घरात वाढली. माझ्या कपाटावरील विमानात ती दोन्ही एकत्र आलेली आहेत.

आता माझ्या उद्योगाकडे वळतो. आराखडा मिळाला तो परदेशातील कोणा अनुभवी छंदिष्टाने काढलेला. मोठमोठ्या कागदांवर प्रत्येक तुकडा पूर्ण आकारात रेखलेला. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर; म्हणजे प्रतिकृतीचा साडेएकाहत्तर सेंटिमीटर. पंखांची पुढची कड सत्तावन्न अंशांनी मागे झुकलेली, आणि धड पंखांच्या विस्ताराच्या जवळजवळ दुप्पट लांब. हिवाळ्यातील संध्याकाळी, कचेरीतून आल्यावर, मी आणि माझी मुलगी जेवणाच्या मेजावर कागद पसरून बसत असू. बालसाच्या पातळ फळीवर आराखडा ठेवून टाचणीने टोचे मारायचे, टोच्यांवरून धारदार पात्याने फासळ्या कापायच्या, त्या एकत्र धरून सँडपेपरने सारख्या करायच्या, आणि आराखड्यावरच मेणकागद अंथरून त्यावर टाचण्यांच्या आधाराने पंख जुळवायचा. बालसाचे लाकूड इतके हलके की फासळी तळहातावर ठेवली तरी जाणवत नाही. आणि इतके मऊ की नखाचा व्रण उमटतो. पोटात विजेवर फिरणारा पंखा एका नळीत बसवायचा; तो नाकातून हवा ओढून शेपटीतून जोराने फेकतो आणि त्या झोताने विमान पुढे जाते. आडवी शेपटी आणि पंखांच्या मागच्या कडांवरील झडपा हलविण्यासाठी आगपेटीएवढ्या लहान मोटरी. हे सारे आम्ही तीन महिन्यांत केले.

एका ठिकाणी मात्र मी आराखड्याशी प्रतारणा केली. पोटाखाली, पंखांच्या किंचित पुढे, एक चौकोनी भोक ठेवावे असे त्यात दाखविले होते. का ठेवावे, ते कुठेच लिहिलेले नव्हते. मी मूळ विमानाची छायाचित्रे काढून पाहिली; तसे भोक कुठे दिसेना. मूळ विमानात जे नाही ते प्रतिकृतीत कशाला, असा विचार करून मी ती जागा बालसाने बुजवली, घासून गुळगुळीत केली आणि वर चंदेरी रंग दिला. मुलीने विचारले, "बाबा, पण त्यांनी ते दाखवलंय ना?" मी म्हणालो, "त्यांची चूक असेल."

वैशाखी झाली, गव्हाची कापणी आटोपली. चंदीगडला हवाई दलाचे ठाणे लागून असल्याने शहरात असले काही उडविण्याचा विचारही आम्ही केला नाही. शहरापासून दूर, एका स्नेह्याच्या शेतात, आवश्यक ती परवानगी घेऊन गेलो. मुलीने विमान डोक्यावर धरले, वाऱ्याकडे तोंड करून धावली आणि जोराने फेकले. पंख्याचा आवाज कानांना भला मोठा वाटला. पण विमान वर जाण्याऐवजी नाक किंचित वर धरून, दमलेल्या माणसासारखे, खाली खाली बसत गेले आणि तीसेक पावलांवर गव्हाच्या धसकटांत आपटले. उजवा पंख मोडला. धडाला उभी चीर गेली.

मोडके विमान घेऊन घरी आलो तो शेजारचे सरदारजी फाटकाशी उभे. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले; नोकरीतली काही वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या ओझर येथील हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत काढलेली. त्यामुळे आमच्याशी ते हौसेने मराठी बोलतात. त्यांनी विमान उलटे केले, नाकात बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, याला श्वास कुठून घ्यायला ठेवला?" मी नाकाकडे बोट दाखविले. ते हसले. "नाकात तर हा एवढा मोठा शंकू बसवलाय. मूळ विमानातही तो आहे. पण मूळ विमानाला उड्डाणाच्या वेळी नाकातली हवा पुरत नाही, म्हणून धडाच्या दोन्ही बाजूंना झडपा असतात. जमिनीवर इंजिन जोरात चालवलं की त्या उघडतात, वेग आला की मिटतात. तुम्ही फोटो पाहिले ते हवेतले असतील!"

मी निरुत्तर झालो. नाकातला तो शंकू मूळ विमानात शोभेसाठी नसतो. ध्वनीहून अधिक वेगाने जाताना समोरची हवा त्याच्या टोकापाशी दबते व मंदावते, आणि इंजिनाला पचेल अशा गतीने आत शिरते. माझे विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासही जाणार नव्हते. त्याच्या नाकात तो शंकू म्हणजे केवळ बुचासारखा अडथळा होता. आराखडा काढणाऱ्याला हे ठाऊक होते. म्हणून त्याने पोटाखाली दुसरी वाट ठेवली होती. मूळ विमानाशी प्रामाणिक राहण्याच्या नादात मी ती बुजवली, आणि मूळ विमानही तेच करीत असे, याचा मला पत्ता नव्हता.

सरकारी नोकरीत फाइलीला दोन बाजू असतात, हे श्रोत्यांपैकी अनेकांना माहीत असेल. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. काय आदेश निघाला ते पत्रव्यवहारात सापडते. तो का निघाला, कोणी कोणती शंका काढली आणि ती कशी निरसली, ते टिपणीत. टिपणी हरवलेली फाइल आली की नवा अधिकारी घोटाळ्यात पडतो. जुना आदेश पाळावा तर आज तो लागू आहे की नाही ते कळत नाही. बदलावा तर कोणता पाया ढासळेल याची खात्री नाही. आराखडा ही अशी टिपणीविना फाइल आहे. तो काय करावे हे केसाच्या अंतरापर्यंत अचूक सांगतो. पण का, याविषयी मौन पाळतो. कारण न जाणता तो पाळणे आणि कारण न जाणता तो मोडणे, ही दोन्ही सारखीच आंधळी कृत्ये होत.

आणि इथेच मला ओझर आठवले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ च्या सुमारास, मिग-२१ भारतात बांधण्यासाठी ओझरला कारखाना निघाला. विमानाचे अंग ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला, विद्युत-उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली. आरंभी परदेशातून आलेले सुटे भाग जोडून, आणि पुढे मूळ धातूपासून सारे भाग येथेच घडवून, १९८० च्या दशकापर्यंत सहाशेंहून अधिक मिग-२१ तेथे तयार झाले. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या त्या मुलुखात, शाळेतून नुकत्याच निघालेल्या मुलांच्या हातांनी, ध्वनीला मागे टाकणारे यंत्र उभे राहिले, ही गोष्ट थोडी नव्हे. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर निवासावर मिग-२१ विमानांनी जो हल्ला केला, त्यानंतर दोनच दिवसांत शरणागती झाली, हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्याच्या आराखड्यावरून बांधणे ही कमीपणाची गोष्ट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही.

परंतु परवान्याबरोबर जे कागद येतात ते फाइलीच्या पत्रव्यवहाराच्या बाजूचे. टिपणीची बाजू ज्याची त्याच्याकडेच राहते. मिग-२१ च्या मूळ कर्त्यांनी १९५५ साली मागे झुकलेल्या पंखांचा एक नमुना आणि त्रिकोणी पंखांचा दुसरा नमुना, असे दोन्ही उडवून पाहिले होते आणि मग त्रिकोणाची निवड केली. त्या निवडीत काय मिळविले आणि काय सोडले, याचे ज्ञान त्यांच्या हाडीमासी खिळलेले. आपल्याकडे आला तो निकाल.

टिपणी लिहिणारी माणसे आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि त्यांतील अग्रणी एक मराठी गृहस्थ होते. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तिचे पहिले काम परक्याच्या आराखड्यांवरून विमाने जोडण्याचेच होते. त्याच कंपनीत डॉ. विष्णू माधव घाटगे आले. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. हवा पृष्ठभागाला लागून वाहताना तिचा एक पातळ थर कसा रेंगाळतो, हा सिद्धांत १९०४ साली मांडणारे ते हेच प्रांटल. प्रतिकृती करणाऱ्याचा या सिद्धांताशी रोजचा संबंध येतो. विमान दहापट लहान केले की पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट घटते, घनफळ हजारपट घटते. हवा मात्र आहे तशीच राहते. लहान पंखाला ती अधिक दाट, अधिक चिकट असल्यासारखी वागते. म्हणून मूळ विमान नुसते आकसून हुबेहूब प्रतिकृती करता येते, पण ती उडेलच असे नाही. उडवावयाची असेल तर हवेच्या नियमांशी पुन्हा नव्याने बोलणी करावी लागतात.

घाटगे यांनी ती बोलणी आपल्या भाषेत केली. त्यांच्या हातचे एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. भारतात आखले जाऊन भारतीय वैमानिकांच्या पिढ्या ज्यावर शिकल्या, असे ते पहिले विमान. १९६४ च्या सप्टेंबरात त्यांचे किरण हे जेट उडाले. दरम्यान कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली मारुत हे लढाऊ विमान आकार घेत होते. त्याची पूर्ण आकाराची लाकडी, इंजिनाविना प्रतिकृती १९५९ साली दुसऱ्या विमानामागे बांधून उडविण्यात आली आणि तिच्यावरून गुणदोष पारखल्यावर १७ जून १९६१ रोजी खरे मारुत आकाशात गेले. मनाजोगते इंजिन न मिळाल्याने ते ध्वनीचा वेग ओलांडण्याच्या अपेक्षेला उतरले नाही. मग त्या आखणीचा धागा पुढे कातला गेला नाही. त्यानंतर आपण स्वतः आखलेले दुसरे लढाऊ विमान, तेजस, पहिल्यांदा उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी. मधली चाळीस वर्षे आपण उत्तम पत्रव्यवहार सांभाळला. टिपणीचा कागद जवळजवळ कोराच राहिला.

या कोऱ्या कागदाची किंमत कोणी मोजली? सारा दोष त्या एका गोष्टीवर लादणे अन्यायाचे होईल. मिग-२१ हे उतरताना ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेग मागणारे विमान. आणि नवख्या वैमानिकांना मधल्या पायरीवर तयार करणारे प्रगत शिकाऊ जेट आपल्याकडे आले ते २००८ साली. तरीही आकडे बोलके आहेत. मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि त्यांत १७१ वैमानिक दगावले, असे संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली संसदेत सांगितले. त्यांत मराठी घरांतलीही मुले होती. २००१ साली मिग-२१ च्या अपघातात गेलेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी पुढे कितीतरी वर्षे एकच प्रश्न धसास लावला: का? त्या माउलीचा प्रश्न आणि आराखड्यातले न लिहिलेले कारण यांची जात एकच आहे, असे मला वाटते.

ओझरचा इतिहास सुदैवाने तिथेच संपत नाही. चंदीगडला मिग-२१ ची पाठवणी झाली त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, नाशिकला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. ज्या आवारात परक्याच्या रेघांवरून त्रिकोणी पंख घडले, तिथे आता आपल्या रेघांवरून घडलेले त्रिकोणी पंख बाहेर पडू लागले. त्याचे इंजिन अजून अमेरिकेचे आहे, हे विसरून चालणार नाही. मारुतचा पाय जिथे अडला तिथेच अजून आपली वाट अरुंद आहे. पण पंख असाच का, शेपटी का नाही, हे विचारले तर उत्तर देणारी माणसे आता आपल्या देशात, आपल्या कचेऱ्यांत बसलेली आहेत.

माझ्या विमानाचे काय झाले, ते सांगून थांबतो. मोडलेल्या पंखाला नव्या फासळ्या बसविल्या. सरदारजींनी स्वतः पाते हातात घेऊन पोटाखालची माझी गुळगुळीत फळी कापून काढली; कड ओबडधोबड राहिली ती त्यामुळे. कार्तिकात भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतात गेलो. या वेळी विमान मुलीच्या हातून सुटताच वर चढले, बांधावरच्या सफेद्याच्या झाडांवरून वळले आणि तीन फेऱ्या घालून धसकटांत अलगद उतरले. सरदारजींनी टाळ्या वाजविल्या.

घरी आल्यावर मुलीने आराखडा मेजावर पसरला. भोकाच्या रेघेशेजारी कोरी जागा होती. तिथे तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले: "नाकातील शंकूमुळे हवा कमी पडते, म्हणून ठेवणे आवश्यक." खाली तारीख घातली आणि सवयीप्रमाणे कागद माझ्यापुढे सहीसाठी सरकविला.